हो सर

छतावरचा ओलीचा डाग. गार पडलेले तळपाय. कुणीतरी हळू आवाजात लावलेलं भावगीत. स्वतःच्याच हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये डॉ. उकिडवे आज पहिल्यांदाच आडवे झाले होते. त्यांचा उजवा गुडघा बदलायचा होता.

ऑपरेशन करणारा त्यांचाच शिष्य, सिस्टर त्यांच्याच तालमीतल्या. भुलीचं इंजेक्शन देऊन झालं होतं. डोळा लागण्याआधी सरांना गंमत सुचली.

“डावाच ना रे?”

“हो सर,” शिष्य म्हणाला.

सरांचं हसू मावळलं. “फाइल बघितलीस?”

“बघितली. उजवा लिहिलाय. पण तुम्ही म्हणताय म्हणजे डावाच असणार.”

“सिस्टर, तुम्ही तरी सांगा.”

“सर म्हणतील तो,” म्हणत सिस्टरांनी मार्कर पुढे केला. शिष्याने डाव्या गुडघ्यावर ठसठशीत बाण काढला.

“अरे, उजवा दुखतोय माझा.”

“हो सर.” त्याने उजव्यावरही बाण काढला. डाव्यावरचा पूस, असं सर म्हणाले नव्हते, आणि आता त्यांची जीभ वळत नव्हती.

‘सर, बाजू चुकतेय’ असं त्यांना एकदा भर ऑपरेशनमध्ये सांगणाऱ्या आवटे सिस्टर हल्ली तळमजल्यावर चादरींच्या घड्या घालतात.