शोकाकुलांची यादी

"पंच्याहत्तरीचा फ्लेक्स कर. गेल्या वर्षीचाच फोटो घे," म्हणत तात्या खरपे फ्लेक्सच्या दुकानात वैजूच्या शेजारी बसले.

वैजूनं दुकानाच्या कॉम्प्युटरवर वाढदिवस एका फोल्डरात, श्रद्धांजली दुसऱ्यात, असं निगुतीनं लावलं होतं. पण फाइल शोधायचं सॉफ्टवेअर कालच टाकलेलं; त्याला तिची शिस्त काय ठाऊक! 'खरपे' टाइप करायचा अवकाश, दोन्ही फोल्डरांतले तात्या एकाखाली एक हजर झाले. खालच्या तात्यांना हार होता. तारखेची जागा तेवढी मोकळी.

दिवाळीत तात्या दवाखान्यात असताना त्यांच्या मुलांनी आधीच करून घेतलेला हा फ्लेक्स पुसायचा राहूनच गेला होता. वैजूनं झटकन स्क्रीनवर हात धरला.

"काढ हात." तात्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मोठा कर."

शोकाकुलांची नावं त्यांनी बोट फिरवत दोनदा वाचली. "आमच्या उज्ज्वलाचं कुठंय?"

"पळून जाऊन लग्न केलेल्या पोरीचं नाव घ्यायचं नाही, ही तुमचीच ताकीद आहे, असं मुलं म्हणाली," वैजू पुटपुटली.

स्वतःच्या हार घातलेल्या फोटोवरून तात्यांनी बोट यादीच्या अगदी वर नेलं.

"वाढदिवसाचं राहू दे," ते म्हणाले. "आधी यात तिचं नाव घाल. थोरली आहे ती."