नऊ तारा

"नाव घे, मंगच उंबरा वलांड." एकोणतीस वर्षांपूर्वी नणंद भागीरथीने दारात दोन्ही हात आडवे लावून म्हटलं होतं. नवरीने मान खाली घालून घेतलंही होतं. तापीच्या कडेला दगडी घाट, धुडकूरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट. मग हात बाजूला झाले होते.

सुरतेत, डिंडोलीच्या खोलीत, स्वयंपाकाच्या पडद्याआड उभ्या असलेल्या शोभाबाईंना आज तो आवाज पुन्हा ऐकू आला.

पडद्यापलीकडे धुडकूराव इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. समोर पिठाच्या डब्यावर लेकीचा लॅपटॉप, आणि लॅपटॉपमध्ये मानसी. ती राहायची अडाजणला, म्हणजे तासाभराच्या रस्त्यावर, पण तिची यांची गाठ आज पहिल्यांदा पडत होती. साडीचं डिझाइन विणणाऱ्या जॅकार्ड मशीनला समजेल असं करून देणारे तीन प्रोग्राम ती आणि तिचे सोबती सांभाळत. सगळं फुकट, सगळं उघडं. दुरुस्ती कोणीही सुचवावी. ती आत घ्यायचा हक्क मात्र अकरा जणांनाच. गेल्या महिन्यात कोणीतरी एका हक्कदाराच्या जुन्या, विसरलेल्या अकाउंटमधून शिरून ढीगभर डिझाइनं बिघडवली. तेव्हापासून मानसी एकेकाला समोर बसवून खात्री करून घेत होती. एका अकाउंटवर एकच माणूस. दुसऱ्याचा हात दिसला की तिन्ही ठिकाणचा हक्क गेला.

यादीतलं नववं नाव धुडकूरावांचं होतं. सिमकार्ड त्यांच्या नावावर, म्हणून अकाउंट त्यांच्या नावावर; खोली आणि गॅसही तसाच. काम शोभाबाईंचं. कार्ड पंचिंगच्या दुकानात त्यांनी अकरा वर्षं पुठ्ठ्यांना भोकं पाडली होती. कुठलं भोक चुकलं की काठावरच्या मोराची मान कशी मोडते, हे त्या न बघता सांगत. कॉम्प्युटर लेकीने, हर्षदाने शिकवला. आता गेली चार वर्षं दुपारचं जेवण उरकलं की त्या लोकांच्या दुरुस्त्या तपासायला बसत. बायकोबद्दल धुडकूराव शेजाऱ्यांना सांगत, हर्षदानी माय हिशोब शिकी राहिनी.

हर्षदाने सकाळपासून बापाकडून घोकून घेतलं होतं. तिन्ही प्रोग्रामांची नावं, दुरुस्त्यांच्या तारखा. त्यातलं बरंचसं त्यांनी नीट सांगितलं. मधेच एकदा त्यांनी गुजरातीत मानसीला जेवायचंही विचारून घेतलं. ती हसली. मग म्हणाली, काका, शेवटचा एकच प्रश्न.

"साडीच्या उलट्या बाजूला नऊ उभ्या तारांपेक्षा लांब धागा मोकळा सोडायचा नाही, हा नियम तुम्ही घातलात. सगळे बारा म्हणत होते. तुम्ही दोन महिने भांडलात. नऊच का?"

हे घोकलेल्यात नव्हतं.

धुडकूरावांनी कॉलर सैल केली. तीस वर्षं लूम चालवलेला माणूस, त्यांनी लूमचंच उत्तर दिलं. "त्याच्यावर गेलं का मशीन खेचतं, बेन."

मशीनला त्याचं काही नसतं काका, असं मानसी म्हणाली, अगदी हळू, आणि तिची नजर स्क्रीनच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे हक्क काढून घ्यायचं बटण असतं, हे कॅमेऱ्याबाहेर बसलेल्या हर्षदाला माहीत होतं. तिने पडद्याकडे पाहिलं.

पडद्याआड बांगड्या वाजल्या.

शोभाबाई बाहेर आल्या त्या पदर खोचलेल्या, हात पिठाचे. त्यांनी अंगावरच्याच साडीचा पदर सोडला, उलटा केला, मनगटावर धरला आणि मनगट कॅमेऱ्यासमोर नेलं. एक लांब धागा काचेच्या बांगडीत अडकला होता. त्यांनी हात ओढला. पदराला तिथल्या तिथे चुणी पडली.

"बांगडीमा अटकस," त्या म्हणाल्या. "नऊ तारांलोंग नही अटकत. दहाव्याले अटकस."

मानसी पुढे झुकून ती चुणी बघत राहिली. मग एकदम सावरली. "काकू, प्लीज. काकांनाच बोलू द्या. नियम आहे, मला दोघांचं चालणार नाही."

धुडकूराव शर्टाच्या बटणाशी खेळत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण खुर्ची मागे सरकवली आणि उठून उभे राहिले. रिकाम्या खुर्चीत शोभाबाई बसल्या. लॅपटॉपच्या त्या खुर्चीत त्या रोजच बसत. समोर माणूस असताना आज पहिल्यांदाच.

"दोघांचं नही शे, पोरी. पहिलेपासून एकाचंच शे. त्या बारावाल्यांसंगे भांडनू ती मीच."

मानसीने चष्मा काढला, परत घातला. मग तिने सांगितलं, की असं असेल तर हे अकाउंट तिला आत्ताच बंद करावं लागेल. तिन्हीकडचं. दुसऱ्याच्या नावाने केलेलं काम, त्यात अपवाद नाही.

"कर ना बंद," शोभाबाई म्हणाल्या. "यास्नं शे, बंद कर. मंग दुसरं उघाड. काय विचारनं ते मालेच विचार, रातलोंग बसस मी आठे."

मानसीची बोटं कीबोर्डवर आली आणि थांबली. नव्या माणसाला पहिलं काय विचारतात, तेच तिने विचारलं. "नाव?"

शोभाबाईंनी एकदा उभ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"शोभा," त्या म्हणाल्या. "इतलंच लिख. मांगे-पुढे कोनंच नाव लावू नको."