छान म्हणू नका

"पुन्हा वाकडा," बादल सर म्हणाले. "हा सहावा रविवार आहे, विमलताई."

भिंतीवरच्या टीव्हीत विमलताईंनी आणलेला फोटो होता. अंगणात वाळत घातलेली तूर, तिच्यावर डोळा ठेवून बसलेली कोंबडी, आणि सगळं अंगण डावीकडे कललेलं. दारव्ह्यातल्या हौशी फोटोवाल्यांचं हे मंडळ रविवारी सकाळी बादल सरांच्या शिकवणीच्या खोलीत भरत असे. नियम एकच. ज्याचा फोटो, त्यानं तोंड उघडायचं नाही, नुसतं ऐकायचं. विमलताई ऐकलेला शब्दन् शब्द वहीत उतरवून घेत आणि दुपारच्या एसटीनं बोरी अरबला परत जात.

बादल राठोड म्हणजे जिभेला हाड नसलेला माणूस, असं सगळे म्हणत. पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. ज्याच्या फोटोत काहीच नसे त्याला सर 'बरा आहे' म्हणून सोडून देत. बोलणी बसत ती ज्याच्यात काही दिसलं त्यालाच. विमलताईंच्या फोटोंत त्यांना फार दिसत होतं. त्या कोंबडीसाठी कुणीतरी तासभर वाट पाहिली होती, आणि इतका धीर हल्ली कुणाला असतो? एवढं करून फोटो वाकडाच, म्हणून त्या दिवशी त्यांचा तोल गेला.

"नेहमी तीच खिडकी, तेच अंगण. जरा बाहेर निंघत जा ना, ताई. का पलंगावर पडूनच काढता फोटो?"

सगळे हसले. विमलताईंनी तेही लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मंडळातली प्रेरणा सरांची जुनी विद्यार्थिनी, त्यामुळे तिला तेवढा अधिकार होता. पन्नाशीतली बाई या वयात शिकायला येते आणि तुम्ही तिला पळवून लावलं, असं ती तोंडावर म्हणाली. सरांनी वरवर झटकून टाकलं, पण बोल मनाला लागले होते. शनिवारी सकाळची शाळा सुटल्याबरोबर त्यांनी मोटरसायकल काढली आणि बोरी अरब गाठलं.

विमलताई अंगणात कापसाचं गाठोडं सोडत होत्या. सरांना बघून त्या गडबडल्या, खुर्ची आणायला निघाल्या. सरांनी थांबवलं. वाटेत जुळवून ठेवलेलं सगळं ते विसरून गेले होते.

"ताई, माहं चुकलं. तुमी मंडळ सोडू नका. यापुढं तुमच्या फोटोले नावं नाही ठेवनार. छानच म्हनीन."

विमलताईंचा चेहरा उतरला. मंडळ कोण सोडतंय, त्या म्हणाल्या, कापूस वेचायला बायाच मिळत नव्हत्या म्हणून दोन रविवार येणं झालं नाही. मग त्यांनी घराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"छान नका म्हनू, सर. फोटो माहे नाहीत. ह्यांचे हायेत."

सर दारापाशी गेले. आत दाराशेजारच्या खिडकीला लागून पलंग होता, पलंगावर त्यांचे मालक, भगवानराव. वर्षापूर्वी लकवा मारून त्यांची उजवी बाजू गेली होती. त्याआधी कॅमेरा घेऊन ते शिवारभर हिंडायचे. आता एका हातात कॅमेरा पेलत नव्हता, म्हणून पलंगाच्या दांडीला चिंधीनं मोबाईल बांधला होता आणि डाव्या अंगठ्यानं ते बटण दाबत. उशाशी विमलताईंची वही उघडी पडली होती. सरांना आपलीच वाक्यं ओळीनं दिसली. पलंगावर पडूनच काढता का, या वाक्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्या वाक्याले हे हसले," विमलताई म्हणाल्या. "वर्षात पहिल्यांदा. म्हने, सरानं बरोबर पकडलं मले." त्यांनी पदरानं हात पुसले. "जो येते तो छान म्हनून जाते, सर. हात उचलला, छान. दोन घास खाल्ले, छान. तुमी पहिल्यांदा वाकडा म्हनले तवा हे रागानं जेवले नाहीत. मंग दुसऱ्या दिवशी सकायपासून चिंधी सोडून सोडून बांधाले लावली मले. हप्त्यातून एकडाव या घरात खरं बोलनं येते. तेवढं बंद नका करू."

सर दारातच खिळून राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला जागा नव्हती. तेवढ्यात पलंगावरून टक् असा आवाज आला. भगवानरावांनी मोबाईल दाराकडे वळवून सरांचाच फोटो काढला होता. आता डाव्या हातानं तो चिंधीतून ओढून काढून ते सरांसमोर धरत होते. नजर सरांच्या तोंडावर रोखलेली, निकालाच्या दिवशी पोरं बघतात तशी.

सरांनी फोटो पाहिला. त्यांच्या ओठांवर नुसतं एक 'वा' येऊन थांबलं होतं. म्हणून टाकावं आणि मोकळं व्हावं असं त्यांना फार वाटलं.

"सरळ आला. पण डोक्सं कापलं माहं," ते म्हणाले. "काहीच अंदाज घेतला नाही तुमी. मागं सरकून घ्याले पायजे होता."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. विमलताईंनी पदर तोंडाला लावला.

भगवानरावांच्या चेहऱ्याची जिवंत बाजू हळूहळू हसू लागली. त्यांनी अंगठ्यानं सरांना अंगणाची दिशा दाखवली. एकेक शब्द जुळवत ते म्हणाले,

"मी... कायचा सरकतो? तुमी सरका."