कोपऱ्यातलं बदक

"वाट नाही," शिनरूने पडद्यावरचं उत्तर वाचून दाखवलं. "नव्वद हजार तारा बसल्या, साहेब. एकच राहिली. आणि ती बसूच शकत नाही, असं गणित सिद्ध करून सांगतंय."

"मग काय, तुझ्या गणितापुढे उदबत्ती लावू?" को साहेब म्हणाले.

शिनचू शहरातल्या त्या कचेरीत को साहेबांनी वीस वर्षं चिपवरच्या तारा स्वतःच्या हाताने आखल्या होत्या. सगळ्या तारांच्या वाटा एकदम शोधणारा प्रोग्राम शिनरूने लिहिला, तेव्हापासून ते नाक मुरडून होते. ही चिप कानाच्या यंत्राची होती आणि अडलेली तार दुसऱ्या मायक्रोफोनची. बारा वाजता आराखडा कारखान्यात जाणार होता. तार बसली नाही तर मायक्रोफोनला कात्री लागणार आणि शिनरूचा प्रोग्रामही बासनात गुंडाळला जाणार, असं सकाळीच ठरलं होतं. अकरा वाजून गेले होते.

"कोपऱ्यातला हा चौकोन आडवा येतोय," ती म्हणाली. "वर लिहिलंय, 'हात लावू नये'. अकरा वर्षं प्रत्येक नव्या चिपमध्ये तो जुनीवरून जसाच्या तसा उतरवला जातोय. आत काय आहे, कुणालाच ठाऊक नाही."

"असेल काहीतरी महत्त्वाचं." को साहेब खिडकीबाहेर बघत होते.

शिनरूने चौकोन मोठा करून पाहिला. आत एक बदक होतं. गुबगुबीत, मान वर केलेलं, केसाच्या जाडीत मावेल एवढं.

को साहेबांचे कान लाल झाले. "गावी, यीलानला, आमच्या आईची बदकं होती," ते पुटपुटले. "पहिली चिप माझ्या नावावर झाली, तेव्हा हौसेने काढलं. तेव्हा सगळेच काही ना काही काढायचे. कुणी पुसू नये म्हणून भोवती कुंपण घातलं." मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "टाक पुसून."

शिनरूला फार वाईट वाटलं. बटणावर गेलेलं तिचं बोट तिथेच थांबलं.

"साहेब, हे काढलंय कशाने?"

"कशाने म्हणजे? तारेच्याच धातूने. चिपवर दुसरं काय असतं!"

ती खुदकन हसली. तिने कुंपण तेवढं काढलं आणि प्रोग्रामला सांगितलं, की हे बदक म्हणजे आधीच घातलेली तार आहे. मग सगळी कचेरी खुर्च्या ओढून तिच्यामागे जमली. चार मिनिटांनी उत्तर आलं. तार शेपटीतून आत शिरली होती आणि चोचीतून निघून थेट मायक्रोफोनला भिडली होती. खाली ओळ होती: याहून कमी नवी तार लागेल अशी वाट नाही, हे सिद्ध.

को साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि घसा खाकरला.

"गणित चोख आहे हं तुझं," ते म्हणाले. "म्हणून तर मी अकरा वर्षांपूर्वीच तार घालून ठेवली होती."