उपचार लागू पडले

ड्रग्ज ओढायची काचेची नळी ड्वाइटची होती, पण पोलिसांना सापडली माझ्या पर्समध्ये. पोटच्या पोराचं नाव सांगवेना. तुरुंगाऐवजी व्यसनमुक्तीचं कोर्ट मिळालं. तिथे तपासणीत माझी लघवी दर वेळी साफ निघायची आणि उपचार लागू पडले म्हणून सगळे टाळ्या वाजवायचे. ‘अहो, मी कधी ओढलंच नाही,’ म्हटलं, की जजबाई मायेनं म्हणायच्या, ‘अगं वर्ना, हे नाकारणं हाच तुझा आजार,’ आणि शनिवार-रविवार कोठडीत धाडायच्या. ‘सुटायचंय ना? मग कबूल करून टाका,’ वकील म्हणाला. आज उभी राहिले. म्हटलं, ‘ओढत होते. नळी इतकी तापायची, की ओठ भाजायचे.’ ड्वाइटच्या ओठांना मलम मीच लावते. पुन्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मागच्या बाकावरून त्यानंही. जजबाईंनी डोळे पुसले. ‘शाब्बास, वर्ना. आता कुठे खरं बोललीस. चल, उपचार पहिल्यापासून सुरू करू.’