एकाच माणसाचं मशीन

बुधवारा मोहल्ल्यातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये दादा लेथवर टर्निंग करतो, मी मिलिंग मशीनवर खाचा पाडतो. अकरा वर्षं आम्ही भाऊ एकमेकांशी बोललेलो नाही. पॉवरलूमचा शाफ्ट कातून तो जॉब मधल्या स्टुलावर आपटतो, मी मोजतो. केसाएवढा फरक निघाला की खडूनं फुली मारून परत ढकलतो. एवढाच आमचा व्यवहार. आज इंदूरहून मशीन विकणारा आला. फोटो दाखवत म्हणाला, "टर्निंग, मिलिंग, सब एक ही मशीन पर. जॉब दूसरे के हाथ में देना ही नहीं." दादाचे डोळे चमकले, माझेही चमकले असणार. "भेज दो," आम्ही एकदमच म्हणालो. अकरा वर्षांतलं पहिलं एकमत. विक्रेत्यानं खुशीत फॉर्म काढला. "चलानेवाला एक ही लगेगा. किसका नाम लिखूं?" "मेरा," मी घाईनं म्हणालो. दादानं स्टुलावरचा खडू उचलला आणि माझ्या शर्टावर, बरोबर छातीवर, सावकाश फुली मारली.