साहेबांचा पाय

सहाव्यांदा पट्टी सुटली आणि सहाव्यांदा डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. साहेबांच्या मागच्या पायाची जखम पुन्हा चिघळली होती.

साहेब म्हणजे कुत्रा. त्यांचे मालक निवृत्त पोस्टमन. नोकरीभर काकांना रस्त्यात कुत्र्यांनी पिटाळलं आणि कचेरीत साहेबांनी झापलं. म्हातारपणी त्यांनी एक कुत्रा पाळला, त्याचं नाव साहेब ठेवलं आणि दोघांवरही एकदमच सूड उगवला. ‘साहेब, बसा,’ म्हटलं की कुत्रा बसायचा आणि काका दिवसभर खूश असायचे.

"हे तिसरं औषध," काका म्हणाले. "पालथ्या घड्यावर पाणी चाललंय नुसतं."

"जंतू निर्ढावलेत, काका. औषधाला भीकच घालत नाहीत."

बोलता बोलता बाई नवी पट्टी गुंडाळत होत्या. एक हात पायावर, दुसरा पट्टीवर, चिकटपट्टीचं टोक दातांत. तिसरा हात देवानं दिला नाही, त्याला त्या तरी काय करणार! पंचवीस वर्षं असंच चाललं होतं.

"मग मध्यंतरी सुकत कशी आली होती? तुमचा कंपाउंडर पट्टी करायचा तेव्हा?"

"मी बहिणीकडे गेले होते तेव्हा ना? तेव्हा गोळी नवी होती. आधी गुण येतो, मग जंतू शिरजोर होतात."

बाईंनी सांगितलं खरं, पण त्यांचं त्यांनाच ते पुरतं पटलं नाही.

काका घायकुतीला आले होते त्याचं कारण घरात होतं. त्यांच्या मुलाला पुढच्या महिन्यात नवं मूत्रपिंड बसायचं होतं. त्यानंतर साध्या पडशाशी झुंजायचंही बळ त्याच्या अंगात उरणार नव्हतं. इस्पितळानं बजावलं होतं, असला जंतू घरात चालणार नाही.

"स्पष्ट सांगा, बाई. साहेबांना घालवावं लागेल?"

"घरातल्या कुणाच्या तरी नाकात हा जंतू मुक्कामाला असेल. त्या माणसाला काही होत नाही, पण कुत्र्याला पुन्हा पुन्हा लागण होते. तो माणूस सापडला, तर पाच दिवस नाकात मलम लावायचं आणि मग साहेबांना नवं इंजेक्शन. नाही सापडला, तर जंतू साहेबांच्याच अंगात मुरलाय म्हणायचं."

माझ्याच नाकात असू दे रे बाबा, असं काका घरी पोचेपर्यंत घोकत होते.

रविवारी बाई कापसाच्या काड्या आणि नळ्या घेऊन त्यांच्या घरी आल्या. काका, मुलगा, सून आणि सात वर्षांची नात. चौघांच्या नावाचे चार कागद त्यांनी भरून आणले होते.

"डॉक्टरमावशी, नळ्यांवर नावं मी लिहिणार," नात म्हणाली. "घरात माझंच अक्षर चांगलंय."

ते खरंच होतं. पण तिची पाळी आली तशी ती दाराआड जाऊन बसली. बाईंनी मग एक काडी स्वतःच्याच नाकात फिरवून दाखवली आणि घर दणाणेल अशी शिंक दिली. पोरगी खदखदून हसली, बाहेर आली. पुढचं सगळं तिनंच केलं. काड्या नळ्यांत घातल्या, चिठ्ठ्या डकवल्या, डबा बंद केला. कुणाला हात लावू दिला नाही.

पाच दिवसांनी निकाल आले. चौघांच्याही नाकात काही नाही.

काकांनी आपला कागद उलटापालटा करून पाहिला. आपण निरोगी आहोत हे कळल्यावर इतका खट्टू झालेला माणूस बाईंनी कधी पाहिला नव्हता.

"पुन्हा तपासा ना. माझ्या नाकात थोडं तरी असेल."

"बाबा, मी ऑपरेशन पुढे ढकलतो," मुलगा म्हणाला.

"तू गप्प बस!" काका ओरडले. मुलावर ते कधी ओरडत नसत.

बाईंचंही डोकं चालेना. ज्या घरात जंतूच नाही, त्या घरात जखम चिघळते कशी? कुत्र्याच्या अंगात मुरलाय म्हणावं, तर मध्यंतरी ती सुकली कशी? शेवटी त्या म्हणाल्या, "साहेबांना मी नेते. मी एकटीच राहते. माझ्या डोळ्यांसमोर राहतील, दिवसातून दोनदा पट्टी करीन."

"साहेब, बसा," काका गाडीचं दार उघडून म्हणाले. साहेब बसले. काकांनी गाडी जाईपर्यंत धीर धरला आणि मग फाटकाला धरून रडले.

बाईंनी शब्द पाळला. सकाळ-संध्याकाळ पट्टी, वेळेवर औषध. साहेब रात्री त्यांच्या पायाशीच झोपायचे. तरीही पंधरा दिवसांत जखम हाडापर्यंत गेली. पाय कापण्यावाचून इलाज उरला नाही. बाईंनी दुसऱ्या दिवशीची वेळ ठरवली, पण काकांना कळवायचा त्यांना धीर होईना.

तेवढ्यात लॅबमधल्या तपासनिसाचा फोन आला.

"बाई, तुमच्या त्या डब्यात पाचवी नळी होती. बाकीच्या चार नळ्यांबरोबर तीही तपासली, पण कागद नव्हता म्हणून निकाल इथेच पडून राहिला. आज हाताला लागला. कुत्र्याच्या जखमेतला जंतू आणि हा जंतू एकच आहे. तंतोतंत."

बाई ताडकन उठल्या. सापडला! म्हणजे साहेब घरी जाऊ शकतात, कदाचित चार पायांवर. त्यांनी घाईघाईनं पेन उघडलं.

"नाव सांगा. लवकर सांगा, कुणाची आहे ती नळी?"

"नाव असं नाही हो. लहान मुलाचं अक्षर दिसतंय. नुसतं ‘डॉक्टरमावशी’ लिहिलंय."